बदली कोणाची, बिऱ्हाड कोणाचं

कापसाच्या भावाखालोखाल सध्या आमच्या घरच्या ग्रुपवर एकच विषय तापलाय. पुतणीला यूपीएससी देऊन परराष्ट्र सेवेत जायचंय. तिला झेपेल का, हे कोणी विचारत नाही; पोरगी हुशार आहे हे दारव्हा तालुक्यातल्या आमच्या अख्ख्या गावाला ठाऊक आहे. काकांचा सवाल वेगळाच : "हे गेली फारेनात, त जवाई काय तिथं भाकरी थापीन?"

काकांना हसण्यात अर्थ नाही. हाच सवाल भारत सरकारने नियमात छापून ठेवला होता. १९६१च्या नियमांप्रमाणे परराष्ट्र सेवेतल्या बाईला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी लागे. संसार कामाच्या आड येतोय असं सरकारला वाटलं, तर राजीनामाही मागता येई. कुर्गच्या सी. बी. मुथम्मा १९४९मध्ये या सेवेत आलेल्या पहिल्या महिला. १९७०मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. (विजयालक्ष्मी पंडित त्याआधीच मॉस्कोला गेल्या होत्या, पण ती राजकीय नेमणूक. सेवेतून चढत गेलेल्या पहिल्या याच.) तरीही वरच्या श्रेणीची बढती अडली, तेव्हा त्यांनी सरळ सुप्रीम कोर्ट गाठलं. मग सरकारने बढती दिली. परवानगी-राजीनाम्याचा नियमही काढतो म्हणाले. १९७९च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी सुनावलं ते सुनावलंच : संसाराची अडचण बाईला येते, तशी पुरुषालाही येऊ शकते.

पुढे मुथम्मा नेदरलँड्समध्येही राजदूत होत्या, म्हणजे मी राहतो त्याच हेगमध्ये. पण इकडे सगळं आधीपासून सुधारलेलं होतं असं गावाकडच्यांनी समजू नये. १९५६पर्यंत लग्न झालेल्या डच बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय बँकेत खातं उघडता येत नव्हतं. आजही इथल्या नोकरदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त अर्धवेळ काम करतात. बुधवारी आमच्या पोराची शाळा दुपारीच सुटते, तेव्हा फाटकाशी बहुतेक आयाच असतात. आणि माझ्यासारखे दोन-चार बाप.

मी बायकोच्या नोकरीपायी इथं आलो. गावानं 'घरजावई' म्हणून हात झटकले. वडील जिल्हा परिषदेचे मास्तर. त्यांची बदली झाली की आई भांडीकुंडी, गाय अन् आम्हाला घेऊन कधी दिग्रसकडे, कधी आर्णीकडे निघायची. तेव्हा तिला कोणी नावं ठेवली नाहीत. येतेस का, म्हणून विचारलंही नाही.

परवा पुतणीसाठी आलेल्या स्थळाच्या बायोडाटात वाचलं : 'नोकरीवाली चालेल, बदलीची नको.' सरकारनं नियम काढला, आम्ही तो घरी आणून ठेवला! मी ग्रुपवर लिहिलं, तिचा कागद इतक्यात कुठंच पाठवू नका. अन् पाठवालच तेव्हा 'मुलाची बदलीसोबत यायची तयारी हवी' ही ओळ टाका.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काकांनी विचारलं, "अॅम्बेसेडरले पगार किती भेटते?"