शैलाची ८३ सालची खिम्याची प्लेट

शनिवारी कट्ट्यावर पोचलो तेव्हा बाळ्याचा आवाज नाक्यापर्यंत ऐकू येत होता. कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलचं शटर आता वर जाणार नाही, हे आम्हाला मंगळवारीच कळलं होतं. बाळ्याला ते बोरिवलीत बसून कळलं आणि तेव्हापासून तो ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांचा पाऊस पाडत होता.

"गिरगाव संपलं!" बाळ्या म्हणाला. "बस्तानी बेकरी गेली, खोताच्या वाडीतली अनंताश्रम खाणावळ गेली, समोवार कॅफे गेलं, रिदम हाउस गेलं. आता हा. आपलं बालपण पुसून टाकलं रे या लोकांनी."

"कुठल्या लोकांनी?" शैलाने विचारलं.

"हेच. बिल्डर, मेट्रो, मॉलवाले. सगळी सिस्टीमच."

"रिदम हाउस २०१६ ला बंद झालं. त्याआधी तू शेवटची कॅसेट कधी विकत घेतलीस?"

बाळ्याने उत्तर दिलं नाही. तो तिथे जाऊन उभ्या उभ्या अख्खी बाजू ऐकायचा आणि हात हलवत परत यायचा, हे कट्ट्यावर सगळ्यांना पाठ आहे.

अण्णा इतका वेळ पेपर वाचत होते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीचा हिशोब मांडायची सवय. "अरे, एका चहावर दोन-दोन तास तो बसू का द्यायचा, विचार केलायस कधी? १९४७ चा भाडे कायदा. भाडं तिथेच गोठलं, म्हणून त्याला परवडायचं. त्यात दोन-तीन भागीदार, गल्ल्यावर पाळीपाळीने बसणार. भागीदार गेले, पोरं शिकली, परदेशी गेली. पहाटे चारला उठून दुकान कोण उघडणार?"

"पण आठवणींचं काय, अण्णा? आठवणींना भाडं असतं का?" बाळ्याने छातीवर हात ठेवला. हे वाक्य तो संध्याकाळी ग्रुपवर टाकणार, हे तेव्हाच कळलं.

"तुझ्या आठवणींना पागडी मिळाली," शैला म्हणाली. "तुझ्या बाबांनी खोली विकली, बोरिवलीला टू बीएचके घेतला. चांगलं केलं त्यांनी. संडाससाठी गॅलरीत रांग लावायची हौस कुणालाच नव्हती. पण ज्या भाड्यात इराणी जगला, त्याच भाड्यात वर आपण जगलो. एकच बिल्डिंग. वरच्या तिन्ही मजल्यांना टॉवर हवा, आणि तळमजल्याने मात्र आपल्यासाठी जुनं राहायचं?"

कट्टा गप्प झाला. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर माझीही सही आहे. इराण्याला नव्या इमारतीत गाळा मिळणार होता, पण तीन-चार वर्षं धंदा बंद ठेवून या वयात तो कशाच्या जोरावर थांबणार? सही करताना मी माझ्या आईच्या गुडघ्यांचा आणि लिफ्टचा विचार केला, त्याचा केला नाही. तेव्हापासून हे मला बोचतंय.

इराण्याकडे माझी जागा दारातून डावीकडे, दुसरं टेबल. संगमरवराला कोपऱ्यापासून मधोमध एक चीर गेलेली, तिच्यात चहा झिरपून झिरपून तपकिरी रेघ झाली होती. ब्रून मस्का आला की मी त्या रेघेवर पावाचा चुरा बोटाने ढकलत बसायचो. दहावीचा निकाल लागला तेव्हा घरी जायची हिंमत नव्हती. तेव्हा दुपारभर तिथेच बसलो होतो. शेठने काही विचारलं नाही. दुसरा पाणीकम चहा आणून ठेवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

हे मी सांगितलं तेव्हा शैला म्हणाली, "तू ते टेबल सांगतोस, बाळ्या आरसे सांगतो. मी बाहेरच्या टेबलावर एकदाही बसले नाही. बायका-पोरी म्हणजे फॅमिली रूम. पंखा नाही, आरसा नाही, समोर लाकडी पार्टिशन. तरी मला इराणी हवा होता. आईबरोबर घराबाहेर बसून चहा प्यायची तेवढी एकच जागा होती."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. अण्णांनी पेपरची घडी घातली.

बाळ्याला मात्र शांतता सोसत नाही. "काय तो खिमा असायचा! एक प्लेट खाल्ली की..."

"थांब," शैला म्हणाली. "खिमा. २५ जून १९८३."

अण्णा आधीच हसायला लागले. त्या रात्री वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये आपण १८३ ला सगळे बाद झालो, तेव्हा बाळ्याने चाळीच्या गॅलरीत उभं राहून जाहीर केलं होतं की मॅच गेली, भारत जिंकला तर शैलाला इराण्याकडे खिमा पाव. भारत जिंकला. खिमा अजून यायचाय.

"देणारच होतो गं! पण आता इराणी बंद झाला ना, देऊ कुठे?"

"चाळीस वर्षं उघडा होता."

"धोबी तलावला कयानी आहे की," अण्णा म्हणाले. "१९०४ पासून चालू आहे. चालत पंधरा मिनिटं."

"आत्ता? मला डॉक्टरने मटण बंद केलंय."

"तुला कोण देतंय? तू पाणीकम घे," शैला उठली, साडी झटकली. "आणि मी बाहेरच्या टेबलावर बसणार."

अण्णांना हसता हसता ठसका लागला. मी त्यांची पाठ थोपटली. बाळ्या खिसे चाचपत मागून येत होता आणि प्रत्येकाला विचारत होता, तिथे ऑनलाइन घेतात का.