सोलापूरची एपीके आणि युरोपचा कायदा

सोलापुरात माझ्या ओळखीचे जे पाच-सहा जण ॲप लिहून पोट भरतात, त्यांच्यात सध्या दोन तट पडलेत. कारण गूगलचा नवा नियम. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं की गूगलची मान्यता असलेल्या अँड्रॉइड फोनवर आणि टॅबलेटवर यापुढे फक्त ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप बसतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग २०२७ पासून टप्प्याटप्प्यानं बाकीच्या जगात. ॲप प्ले स्टोअरवरून घ्या नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलमधून (एपीके म्हणजे स्टोअरशिवाय थेट ॲप बसवायची फाइल), नियम एकच. ज्यानं नाव, पत्ता, फोन आणि ओळखपत्र गूगलकडे दिलं नाही, त्याचं ॲप शेजारच्या घरातल्या फोनवरसुद्धा सरळ बसणार नाही.

माझा शाळेपासूनचा मित्र विरोधी तटात आहे. शहराच्या पूर्व भागातल्या टॉवेल कारखानदारांसाठी त्यानं एक ॲप केलंय. कोणत्या मागावर आज किती टॉवेल निघाले, कोणी किती उचल घेतली, आठवड्याच्या शेवटी कोणाच्या हातात किती पडणार, सगळं मराठीत आणि तेलुगूत. (तेलुगू नसतं तर तिथल्या निम्म्या कारखान्यांनी त्याला हात लावला नसता.) हे ॲप प्ले स्टोअरवर नाही. कारखानदाराला तो फाइल पाठवतो, आणि कारखान्यातल्या स्वस्त टॅबलेटवर स्वतः जाऊन बसवून देतो. काही बिघडलं की रात्री दुरुस्त करून सकाळी नवी फाइल. "माझं गिऱ्हाईक मला घरापासनं ओळखतंय बे," तो म्हणतो. "अमेरिकेतल्या कंपनीला मी कशाला ओळख दाखवू?"

दुसऱ्या तटाचं म्हणणंही हलक्यात घेण्यासारखं नाही. त्यातल्या एकाच्या निवृत्त काकांनी व्हॉट्सॲपवर आलेली 'लग्नपत्रिका' उघडली. ती पत्रिका नव्हती, एपीके होती, आणि संध्याकाळपर्यंत बँकेतली रक्कम गेली. वाहतुकीच्या चलानाच्या नावानं, सरकारी योजनेच्या नावानं अशाच फाइली फिरतात. गूगल सांगतं की इंटरनेटवरून थेट उतरवलेल्या ॲपमध्ये प्ले स्टोअरच्या तुलनेत ५० पटींहून जास्त घातक सॉफ्टवेअर सापडलं. आकडा गूगलचा स्वतःचा आहे, त्याचा फायदा कोणाला हे धरूनच तो वाचायचा. पण काकांचे पैसे गेले हे खरं आहे, आणि 'मोकळीक हवी' हे त्यांच्यासमोर बसून बोलणं मला जमलेलं नाही.

मी म्युनिकला राहतो, म्हणून दोन्ही तट मला साक्षीला बोलावतात. मित्राचं म्हणणं, तुमच्याकडं युरोपात कायदा आहे, आपल्याकडंही तसाच पाहिजे. त्याला वाटतं तेवढं हे सोपं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

युरोपचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्यक्ष लागू झाला. त्यामुळे ॲपलला आयफोनवर दुसऱ्यांची स्टोअर येऊ द्यावी लागली. आयपॅडला सुरुवातीला हे बंधन नव्हतंच. एप्रिल २०२४ मध्ये त्याचा वेगळा निर्णय झाला आणि ती मुभा टॅबलेटवर त्या वर्षीच्या सप्टेंबरात पोचली. म्हणजे एकाच कंपनीच्या, जवळजवळ एकाच धाटणीच्या दोन यंत्रांसाठी दोन वेगळ्या लढाया. आणि मिळालेल्या मुभेला अटी केवढ्या! दुसऱ्या स्टोअरमधलं ॲपसुद्धा आधी ॲपलच्या तपासणीतून जातं. डेव्हलपरला ॲपलचं वर्षाला ९९ डॉलरचं खातं लागतंच. दुसऱ्या स्टोअरसाठीच्या ॲपलच्या नव्या अटी घेतल्या की वर्षाला दहा लाखांच्या वरच्या प्रत्येक पहिल्या इन्स्टॉलमागे अर्धा युरो फी, अशी सुरुवातीची रचना होती. फुकट ॲप देणाऱ्याचं ॲप गाजलं तर त्याचं दिवाळंच. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं ॲपलला ५० कोटी युरोंचा दंड केला, तो ॲपबाहेरच्या स्वस्त ऑफर गिऱ्हाइकाला सांगू न दिल्याबद्दल.

माझ्या ऑफिसात रोज सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं बसतात, तरी दुसरं स्टोअर बसवलेले दोघे-तिघेच. मी त्यातला एक. आता यातली गंमत बघा. गड्ड्याच्या यात्रेसाठी जानेवारीत सोलापूरला आलो आणि ३० दिवसांच्या वर मुक्काम झाला, तर त्या स्टोअरमधल्या ॲपचे अपडेट थांबतात. फोन तोच, पैसे मीच भरलेले, पण सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभा राहिलो की मी युरोपचा ग्राहक उरत नाही. कायद्यानं जेवढं करायला भाग पाडलं तेवढंच, आणि जिथं भाग पाडलं तिथंच. मित्राला मी हेच सांगतो: कायदा झाला म्हणजे काम झालं असं इथं कोणी मानत नाही, खरी झटापट त्यानंतर सुरू झाली.

ओळखीच्या मुद्द्यावर मात्र माझं मित्राशी जमत नाही. जर्मनीत निनावी राहून धंदा करता येत नाही. वेबसाइटवर केक विकणाऱ्या एकट्या बाईलासुद्धा नाव आणि पत्ता त्याच साइटवर लिहावा लागतो. त्याला इथं इम्प्रेसुम म्हणतात. युरोपातल्या ॲप स्टोअरवरही विक्रेत्याचा पत्ता-फोन दिसणं आता सक्तीचं आहे. ज्यांनी आपण विक्रेते आहोत की नाही हे कळवलं नव्हतं, त्यांची ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलनं युरोपातून काढली. मजुरांच्या पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या ॲपच्या मालकानं आपला पत्ता लिहायला काय हरकत आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पण इम्प्रेसुम गिऱ्हाइकासाठी असतं. ते लिहिण्याआधी कोणाची परवानगी लागत नाही. नाही लिहिलं तर प्रतिस्पर्ध्याच्या वकिलाची नोटीस येते, प्रकरण कोर्टात जातं, तिथं आपलं म्हणणं मांडता येतं. धंद्यात आपल्याशीच स्पर्धा असलेली एखादी कंपनी बसल्या जागी आपली साइट सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून घालवू शकत नाही. गूगलच्या नियमात नोंदवही गूगलची, शिक्का गूगलचा, आणि शेजारी गूगलचं स्वतःचं स्टोअरही आहे.

सोलापूरकरांना हा फरक समजावून सांगायची गरज पडू नये. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडे विणलेला माल 'सोलापुरी' म्हणून खपवतात, ही आपली जुनी तक्रार, म्हणून ते मागून घेतलं. म्हणजे बंधन आपल्यालाही हवं होतंच. पण ते बंधन नावावर आहे. जेकार्डची चादर कोणीही, कुठंही विणावी आणि विकावी, फक्त तिला सोलापुरी म्हणू नये. आणि ते नाव कोणाचं हे ठरवणारी नोंदणी चेन्नईच्या सरकारी कार्यालयात, १९९९ च्या कायद्याखाली होते. एखाद्या बड्या चादर कारखानदाराच्या गादीवर होत नाही. ओळख पटवलेल्या डेव्हलपरच्या ॲपवर गूगलनं खुशाल मोठा हिरवा शिक्का मारावा. न पटवलेल्यावर लाल अक्षरांत 'हा कोण आहे आम्हाला माहीत नाही' असं लिहावं, दोनदा विचारावं. बसवायचं की नाही हे फोनच्या मालकाला ठरवू द्यावं.

यावर काकांच्या पुतण्याचं उत्तर तयार असतं: चोर फोनवर बोलत असतो, तो सांगेल तिथं काका बोट दाबणार, तुमची लाल अक्षरं कोण वाचतंय? बरोबर आहे. पण या दुखण्यावर नेमका इलाज गूगलनंच भारतात करून पाहिलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या प्रयोगात, बाहेरून उतरवलेलं ॲप एसएमएस वाचायची, नोटिफिकेशन बघायची किंवा ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे पडद्यावरचं वाचायची आणि आपणच बटणं दाबायची) परवानगी मागत असेल तर प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली गूगलची सुरक्षा तपासणी, ते आपोआप अडवतं. चोराला ओटीपी लागतो आणि तो या वाटांनीच मिळतो. माझ्या मित्राच्या ॲपला टॉवेल मोजायचे असतात, त्याला एसएमएस कशाला हवेत? धोका जिथं आहे तिथं असा अडसर घालता येतो, त्यासाठी प्रत्येक लिहिणाऱ्याची हजेरी घ्यावी लागत नाही. शिवाय चोरीचे पैसे ज्या बँक खात्यांत जातात तीही केवायसी झालेलीच असतात, भाड्यानं घेतलेली. कागदपत्रं बघून चोर थांबले असते तर ती खाती उघडलीच नसती.

विरोध वाढल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलनं थोडी माघार घेतली. जाणकार वापरकर्त्यांना धोका पत्करून न पटवलेलं ॲप बसवायची वेगळी वाट ठेवू, विद्यार्थी आणि हौशी लोकांना थोड्या फोनपुरतं खातं देऊ, असं सांगितलं. कारखान्यातला टॅबलेट सांभाळणारा पोरगा 'जाणकार' कधीपासून झाला, हा मित्राचा प्रश्न मला रास्त वाटतो.

"मग प्ले स्टोअरवरच टाक की" असं त्याला सांगणाऱ्यांना तिथली रांग माहीत नसते. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी ते वापरून बघणारे ठरावीक परीक्षक सलग १४ दिवस दाखवावे लागतात. आधी २० लागत, आता १२. यातून पैसे घेऊन परीक्षक पुरवणारे धंदे उभे राहिलेत! नियमानं दर्जा किती वाढला ते गूगलला ठाऊक.

राहिला भारतातला कायदा. आपल्याकडे काहीच होत नाही, हे खरं नाही. स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी आणि प्ले स्टोअरच्या प्रकरणात ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. दुसरा आकडा मार्च २०२५ मध्ये अपिलात २१६.६९ कोटींवर आला. पण दंड होतो तोवर काही वर्षं गेलेली असतात. मार्च २०२४ मध्ये ॲपमधल्या पैशांवरच्या फीच्या वादातून गूगलनं नोकरी, लग्न जुळवण्याची भारतीय ॲप स्टोअरवरून काढली, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनी मध्ये पडल्यावर ती काही दिवसांत परत आली. मोठ्या कंपन्यांसाठी मंत्री फोन उचलतात. पूर्व भागातल्या ॲपसाठी कोण उचलणार?

त्याच मार्चमध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. कंपनी गुन्हा करेपर्यंत वाट न बघता आधीच नियम घालायचे, ही युरोपचीच कल्पना. आपल्या स्टार्टअपनाही त्याचा त्रास होईल, असं बेंगळुरूची बरीच मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. मसुद्यातली उंबरठ्याची रक्कम भारतातल्या ४,००० कोटींच्या उलाढालीपासून सुरू होते, वर एक कोटी ग्राहक किंवा दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते हवेत. सोलापुरातला कोणताही ॲपवाला त्या उंबरठ्याच्या आसपाससुद्धा नाही. मला त्यात दिसत नाही ते वेगळंच. ॲप नाकारलं किंवा खातं बंद केलं तर ठरावीक दिवसांत, माणसानं वाचून लिहिलेलं कारण मिळालं पाहिजे, आणि त्यावर भारतात अपील करता आलं पाहिजे. तेही ऑनलाइन. दिल्लीची तारीख गाठायला मित्र निघाला, तर पगाराच्या दिवशी कारखानदारांचे फोन कोण घेणार?