मॅडम, झिरो बघा

कोल्हापुरात फुलेवाडीत घर आणि राजारामपुरीत नोकरी असलेल्या माणसाचं सूर्याशी कायमचं भांडण असतं. सकाळी पूर्वेकडे निघायचं, तो समोर. संध्याकाळी पश्चिमेकडे परतायचं, तो पुन्हा समोर. याच्या बरोबर उलट, म्हणजे राजारामपुरीत घर आणि फुलेवाडीत नोकरी असती, तर दोन्ही वेळा तो मुकाट पाठीशी राहिला असता. घर घेताना आम्ही पाणी बघितलं, पार्किंग बघितलं, दाराची दिशा तर गुरुजींना घरी बोलावून दाखवली. स्कूटरच्या हँडलची दिशा मात्र कोणी विचारली नाही.

खरं तर सूर्यापेक्षा त्याचे हस्तक जास्त छळतात. पुढच्या गाडीचं टप, टँकरनं सांडत नेलेलं पाणी, घासून गुळगुळीत झालेला डांबरी रस्ता, नगरपालिकेच्या काळापासून उघडी असलेली गटारं, सगळीकडून तो आपल्यालाच शोधत येतो. डोळे बारीक करून करून माझ्या भुवयांच्या मधे एक कायमची आठी पडली. ऑफिसात पोहोचले की शिपाई आधी चहा आणून ठेवायचा आणि मग दबक्या आवाजात विचारायचा, "काय झालं का मॅडम घरात?" दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. शेवटी नवरा म्हणाला, "एक बरा गॉगल घे. आणि तो घातल्यावर तरी माझ्याकडे बघताना आठी काढ."

चष्म्याच्या दुकानात गेले तर तिथल्या पोरानं गॉगल नंतर दाखवला, आधी एक कार्ड दाखवलं. कार्डावर नुसती राखाडी छपाई. "काय दिसतंय?" "काही नाही." मग त्यानं गॉगल माझ्या नाकावर ठेवला आणि कार्डातून एक मासा वर आला. "पोलराइज्ड हाय मॅडम. नाद करायचा न्हाय." मी मनात म्हटलं, रोज सकाळी मला मासा बघायचा नाहीये, समोरची एसटी बघायचीय. पण माणूस चमत्कारापुढे पाकीट उघडतोच.

घरी येऊन मुलीकडून त्यातलं विज्ञान समजून घेतलं. उजेड म्हणे थरथरत येतो, उभा, आडवा, तिरका, सगळ्या दिशांनी. सपाट रस्त्यावर किंवा पाण्यावर आपटून तो परत उडाला की त्यातली आडवी थरथर जास्त उरते. पाण्यावर, त्याच्या पृष्ठभागाशी काटकोनात असलेल्या रेषेपासून साधारण ५३ अंशांनी तिरपा आला, तर परतणारा उजेड जवळपास पूर्ण आडवाच. पोलराइज्ड काच तेवढी आडवी थरथर अडवते आणि उभी आत सोडते. साधा काळा गॉगल सरसकट सगळ्यांचाच पगार कापतो. हा नेमकी कोणाची बदली करायची ते बघून करतो.

हा शोध मात्र कोल्हापुरासारख्याच संध्याकाळी लागलेला आहे. १८०८ साली पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालुस नावाच्या गृहस्थानं समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारं मावळतीचं ऊन एका पारदर्शक स्फटिकातून बघितलं. स्फटिक फिरवला की चमक कमी-जास्त व्हायला लागली. आमच्या इथे समोरच्यांच्या खिडकीत कोणी असं टक लावून बघितलं असतं तर शोध बाजूला राहिला असता, सोसायटीची मीटिंग लागली असती.

पुढची कथा अजून चांगली आहे. १८५२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला विल्यम हेरापथ या डॉक्टरांच्या विद्यार्थ्यानं, क्विनीन पाजलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकलं. का टाकलं, असं विचारू नये. ज्यांच्या घरी दहावीचा मुलगा आहे त्यांना रिकाम्या वेळात काय काय सुचतं ते माहीत असतं. तर त्यात चमकदार हिरवे स्फटिक तयार झाले, आणि ते एकमेकांवर आडवे-उभे पडले की तेवढी जागा काळी दिसायला लागली. १९२९ मध्ये एडविन लँड या अमेरिकन तरुणानं हेच बारीक स्फटिक एका दिशेला ओळीत बसवलेल्या पापुद्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि पोलराइज्ड काच स्वस्त झाली. नंतर स्फटिकांची जागा ताणलेल्या प्लॅस्टिकनं आणि त्यात मुरवलेल्या आयोडीननं घेतली. कुत्रा सुटला, आयोडीन राहिलं.

ही वंशावळ मी सासूबाईंना सांगितलेली नाही. कारण गॉगल आणल्या दिवसापासून त्यांनी त्याची जागा ठरवून टाकली होती, देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. "महागाची वस्तू हाय, इकडं तिकडं नगं," म्हणाल्या. सोवळ्यातल्या पाण्याला माझा पदर लागला तर तांब्या पुन्हा घासणाऱ्या त्या. कुत्रा कधीच सुटलाय, हे पटवून द्यायला माझ्यात ताकद नाही.

आता, गॉगलनं काम केलं का? केलं, आणि नको तितकं केलं. आठी गेली, कपाळ ठणकायचं थांबलं, शिपाई चहा उशिरा आणायला लागला. रस्त्यावरची पांढरी झळाळी गेली आणि खालचा रस्ता दिसायला लागला. आमच्याकडचा रस्ता स्वच्छ दिसणं ही सुखाची गोष्ट आहे की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

पहिला धक्का गाड्यांच्या काचांनी दिला. समोरच्या काचेवर एरवी आभाळ आणि झाडं पडलेली असतात, त्यामुळे आत कोण आहे ते कळत नाही. आता ती झाकण काढून घेतल्यागत झाली. दसरा चौकात सिग्नलला उभी होते, समोरून येऊन थांबलेल्या गाडीत आमच्या सेक्शनचे एक साहेब, मांडीवर मिसळीचं पार्सल, शेजारी मेहुणा. त्या दिवशी ते तापानं फणफणले असल्याचा मेसेज सकाळीच ग्रुपवर आला होता. मी बघतेय हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण मी गॉगल आणि स्कार्फमध्ये होते. तेव्हापासून मी कोणाच्याही आजारपणाला 'गेट वेल सून' लिहायच्या आधी एकदा रस्ता बघून घेते.

दुसरा धक्का रंकाळ्यानं. संध्याकाळी रंकाळ्याचं पाणी म्हणजे सोन्याची परात, असं आम्ही पाहुण्यांना सांगत आलोय. गॉगल घालून कठड्याशी उभी राहिले तर परात नाहीशी, आणि काठाजवळचा तळ वर आलेला. एक मासा झक्कपैकी फिरताना दिसला, दुकानदाराचं कार्ड अगदीच खोटं नव्हतं. माशाच्या शेजारी भेळेचा द्रोण, त्याच्या पलीकडे डाव्या पायाची चप्पल, आणि कोणाच्या तरी नवसाचा नारळ, अजून शेंडीसकट. नवरा म्हणाला, "काय सुंदर दिसतंय ना?" मी गॉगल काढला आणि हो म्हटलं. डोळ्यांना आराम आणि मनाला आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानात फक्त पहिलीची गॅरंटी देतात.

पण हे सगळं परवडलं. खरी परीक्षा पेट्रोल पंपावर झाली.

"मॅडम, झिरो बघा."

बघितलं. यंत्राच्या चौकटीत काळं कुळकुळीत. झिरो नाही, एक नाही, काहीच नाही.

"दिसत नाही."

"आवो, ह्यो काय झिरो." त्यानं बोटानं दाखवलं. मी मान उजवीकडे कलती केली आणि झिरो हळूहळू उगवला. सरळ केली, मावळला. पुन्हा कलती केली. पंपावरचा मुलगाही माझ्याबरोबर मान कलती करून बघायला लागला, त्याला वाटलं यंत्रात काही झालंय. मागच्या बुलेटवाल्यानं हॉर्न दिला, मग तोही वाकून बघायला लागला. आम्ही तिघं एका बाजूला झुकून त्या आकड्याकडे बघत होतो आणि तेवढ्यात पेट्रोल सुरू झालं. किती गेलं ते मी खांद्याला कान लावूनच मोजलं.

कारण साधं आहे. असल्या एलसीडी पडद्यांतून आकडा बाहेर येतो तोच मुळी पोलराइज्ड उजेडात. पडद्याची दिशा आणि गॉगलची दिशा आडवी-उभी पडली की काळोख. सिग्नलचे लाल आकडे दिसतात, रिक्षाच्या मीटरचे दिसतात, कारण ते स्वतःच पेटलेले दिवे. पण हल्ली आपल्या आयुष्यातले महत्त्वाचे आकडे बहुतेक एलसीडीवर येतात. गॉगलला पाण्याखालचा मासा दिसतो आणि खात्यावरची शिल्लक दिसत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं पायलटांना पोलराइज्ड गॉगल वापरू नका असं बजावून ठेवलंय, कारण कॉकपिटमधले आकडे गायब होऊ शकतात. स्कूटरवरून भाजी आणणाऱ्या बायकांना कोणीच बजावत नाही. माझ्या स्कूटरचा वेगाचा आकडा फक्त मान तिरकी केल्यावर दिसतो, म्हणजे मी किती वेगानं आपटणार हे आपटताना कळेल.

मोबाइलची तऱ्हा त्याहून वेगळी. माझा फोन उभा धरला की काळा, आडवा धरला की लख्ख. पैसे भरायचं ॲप मात्र आडवं व्हायला तयार नसतं. त्यामुळे चहाच्या गाड्यावर मी फोन आडवा धरते, आकडे आडवे वाचते, आणि पिन टाकताना डोकं खांद्यावर टाकते. चहावाले मामा बरेच दिवस बघत होते. एकदा न राहवून म्हणाले, "मान धरलीया व्हय? आमच्या गल्लीत एक म्हातारी हाय, लई झ्याक उतरवती." गॉगल काढला की झालं, हे मला कळतं. पण हेल्मेट, त्याच्या आत स्कार्फ, स्कार्फच्या आत गॉगलची काडी, ही गाठ एकदा बांधली की ऑफिसपर्यंत सोडायची नसते, हे ज्या बांधतात त्यांना कळेल.

मधूनच गंमतही होते. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर जांभळट-निळे ठिपके ओळीनं उमटतात, कोणी बोटानं रांगोळी घातल्यासारखे. काच टणक करताना तापवून तिच्यावर थंड हवेचे फवारे मारतात. जिथे फवारा बसला तिथे काचेत ताण राहून जातो, तो असा रंगीत दिसतो. गाडीच्या मालकाला हे माहीत नसतं. मी एकाला सिग्नलला सांगितलं, "तुमच्या काचेवर डाग आहेत." तो बिचारा उतरून फडक्यानं पुसत राहिला, हिरवा पडला तरी.

आणि ज्याच्यासाठी हा सगळा खर्च केला, तो सूर्य? त्याच्यावर या काचेचा काही खास अधिकार चालत नाही. थेट येणारं ऊन पोलराइज्ड नसतंच, त्यामुळे तिथे हा गॉगल चारचौघांसारखाच एक काळा गॉगल. उभ्या काचेच्या इमारतीवरून उडून येणारं मावळतीचं ऊन तर आणखी चलाख. ते बाजूनं आदळतं, म्हणून त्याची थरथर उभी असते आणि गॉगल त्याला अदबीनं आत घेतो. थोडक्यात, मालुसनं ज्या खिडक्यांवर शोध लावला तसल्याच खिडक्या मला राजारामपुरीतून परतताना आंधळं करतात. पावसाळ्यात उघडीप पडली की वेगळीच तऱ्हा, ओल्या रस्त्याची चमक गेल्यामुळे डबकं कुठे आणि कोरडं कुठे ते कळत नाही. कोल्हापुरी पावसात हे ज्ञान असलेलं बरं असतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी वर एक पाचर मारून ठेवली. म्हणाल्या, पोलराइज्ड म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण, असं समजू नका, ते वेगळं असतं. काचेवर यूव्ही ४०० लिहिलंय का बघा. नुसती गडद काच लावली तर आतली बाहुली मोठी होते, आणि काच ते किरण अडवत नसेल तर तेच जास्त आत जातात. वर्षानुवर्षांच्या उन्हानं मोतीबिंदूलाही हातभार लागतो. माझ्या गॉगलवर ते लिहिलेलं होतं, काडीच्या आतल्या बाजूला, इतक्या बारीक अक्षरात की वाचायला चाळिशी लावावी लागली.

मोतीबिंदूवरून आठवलं. सासूबाईंचं ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यातून मिळालेला हिरवा-काळा चष्मा त्यांना "आंधळ्यावाणी" दिसतो म्हणून त्यांनी देवघराच्या फळीवरून माझा गॉगल उचलला. आता तो त्यांचाच आहे. तो घालून पोथी वाचतात, तो घालून दारात भाजीवाल्याशी घासाघीस करतात, आणि डोळे दिसत नसल्यामुळे भाजीवाला दोन रुपये आपणहून कमी करतो. संध्याकाळी तोच घालून दिवाणावर मालिका बघतात. बसून बघतात तोवर ठीक. जरा कुशीवर आडव्या झाल्या की टीव्ही काळा.

मी समजावणार होते, पण उभं-आडवं सुरू केलं असतं तर गोष्ट कुत्र्यापर्यंत गेली असती. त्यांनी तोवर केबलवाल्याला फोन लावला होता.

"आरं, मी बसले की चालतोय, आडवी झाले की बंद पडतोय तुझा टीव्ही. पैसं तर म्हैन्याचं पुरं घेतोस!"

पलीकडून केबलवाला थोडा वेळ गप्प राहिला असावा. मग म्हणाला, "आज्जी, बॉक्स एकदा बंद करून चालू करा, आणि परत आडव्या होऊन बघा."