पन्हाळा युनेस्कोच्या ताब्यात गेलेला नाही

‘जागतिक वारसा ठरलेले किल्ले युनेस्कोच्या मालकीचे झाले, आता पन्हाळ्यावरची वस्ती उठवणार आणि राहत्या घराची कौलेसुद्धा बदलू देणार नाहीत,’ असा मजकूर मोबाइलवरून सर्रास फिरतो आहे. गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाची झोप उडवणारा हा मजकूर असल्याने तो मुद्देसूद तपासलाच पाहिजे.

आधी मालकीचा मुद्दा. मराठ्यांचे बारा किल्ले ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. ज्या १९७२ च्या करारानुसार ही यादी होते, त्याच्या सहाव्या कलमातच राष्ट्राचे सार्वभौमत्व आणि त्या देशाच्या कायद्याने दिलेले मालमत्तेचे हक्क अबाधित ठेवले आहेत. बारांपैकी आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. पन्हाळा पहिल्या आठांत येतो. युनेस्कोच्या हाती शेवटचे अस्त्र आहे ते यादीतून नाव काढण्याचे. जर्मनीत ड्रेस्डेन शहरात एल्ब नदीवर पूल बांधायला घेतला, तेव्हा २००९ मध्ये त्या खोऱ्याचे नाव वगळले गेले; पूल मात्र उभा राहिलाच.

वस्ती उठवण्याविषयी जैसलमेरकडे पाहावे. तो किल्ला २०१३ पासून यादीत आहे आणि तटाच्या आत आजही घरे, मंदिरे, दुकाने नांदत आहेत.

कौलांची भीती निराधार नाही, पण तिचे मूळ वेगळे आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण, ही तरतूद १९५८ च्या आपल्याच प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आली. त्यातही जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते. ही परवानगी वेळेवर आणि विनासायास मिळावी, असा आग्रह रहिवाशांनी जरूर धरावा, पण तो सरकारकडे.

‘आता सगळा खर्च युनेस्को करणार’ हेही खरे नाही. तिचा निधी तुटपुंजा असून जतनाची जबाबदारी त्या त्या देशाचीच असते. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारे आहेत आणि छतावरच्या झरोक्यांतून त्यांत धान्य ओतले जाई. त्या छतात पाणी मुरले किंवा सांध्यात पिंपळ रुजला, तर ते निस्तरायला युनेस्कोच्या पॅरिसमधल्या मुख्यालयातून कोणी येणार नाही. ते काम आपल्याच पुरातत्त्व खात्याचे आहे.