बघा, पण वाचू नका

पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला थांबलात, की फ्लेक्सकडे भक्तिभावानेच बघा. वर गोलांमध्ये दिल्लीची मुंडकी, त्याखाली मुंबईची, मध्ये कानाला फोन लावलेले कमरेपर्यंतचे दादा आणि तळाशी पासपोर्ट साइजचे शुभेच्छुक. कोणाचं डोकं कोणापेक्षा मोठं, हे मोजू नका. वॉर्डातली सगळी उतरंड कळेल. गेल्या वाढदिवसाला असलेलं एखादं मुंडकं यंदा गायब आहे, हे तर मुळीच लक्षात ठेवू नका. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली सगळी वर्षं दादा 'भावी नगरसेवक'च होते. 'भावी म्हणजे नक्की कधी?' हा निव्वळ पेठेतला खवचटपणा.

बिल्डरची पानभर जाहिरात आली, की त्यातली निळीशार नदी मुळा-मुठाच आहे असं धरून चाला. वास येत नाही, हा छपाईचा दोष. 'हिंजवडी अवघ्या १० मिनिटांवर' असं छापलंय ना? मग किती वाजता आणि कशाने, हे बाल्कनीतल्या हसऱ्या जोडप्याला विचारू नका. त्यांना कुठे तिथे राहायचंय! खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'चित्र केवळ कल्पनादर्शक' असतं, त्यासाठी चष्मा शोधत बसू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराने जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय. स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी समोर येते, तेव्हा मोबाइल खिशातच बरा.

चौकटीत काय घ्यायचं नि काय बाहेर ठेवायचं, हे शिकवायला १९६० साली लॉ कॉलेज रोडवर, प्रभात स्टुडिओच्या जागेत, अख्खी फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. शिकू देत त्यांना. आपण तिकीट काढलेली माणसं.

'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हा मेसेज पुन्हा आला, तर युनेस्कोने असं काहीही ठरवलेलं नाही हे ग्रुपवर सांगू नका. काका दुखावतात.

आणि मसाल्याची जाहिरात. सून रेशमी साडीत फोडणी देतेय, पदरावर हळदीचा ठिपका नाही. सासरा, नवरा, मुलं टेबलाशी बसून वास घेतायत. ताटं मोजू नका. मोजलीत तर एक कमी भरेल, आणि ते कोणाचं हेही कळेल. हे बघताना तुमचं जेवण चालू असेल आणि आई अजून ओट्यापाशी पोळ्या लाटत असेल, तर टीव्हीचा आवाज जरा वाढवा.