तिकिटाचं ठिबक

मावशीला वेंगुर्ल्याहून मुंबईला नातवाच्या मुंजीला जायचं होतं. गुडघ्यांमुळे रेल्वेत रात्र काढणं तिला जमणारं नव्हतं. "मोपा काय लांब आसा?" असं म्हणून गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानाने जायचं तिनेच ठरवलं आणि तिकिटाचं काम माझ्या गळ्यात घातलं. आमच्याकडे रेंज फक्त खळ्यातल्या तुळशीपाशी येते. म्हणून मी वृंदावनाला टेकून उभा, मावशी ओटीवर सुपारी कातरत.

पहिल्याच पानावर ठसठशीत आकडा: ३,८९९. मी तो मोठ्याने वाचला आणि तिथेच फसलो. मावशीच्या कानावर एकदा आकडा पडला की तो सौदा झाला.

तपशील उघडला. मूळ भाडं, विमानतळाचं विकास शुल्क, सुरक्षा शुल्क, पाच टक्के जीएसटी. हे सगळं त्या ३,८९९ मध्येच धरलेलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

"विमानतळ बांधून झालो मां? मगे आता विकास कसलो?"

मी पुढचं पान उघडलं. तिथे खुर्च्या. खिडकीची ४००, मार्गिकेकडची ३५०, मधली २५०.

"मधल्याचे पण पैशे? थंय बसतल्याक उलटे त्यांनीच देऊक होये!"

गुडघे पसरायचे म्हणून मार्गिकेकडची घेतली. झाले ४,२४९. पुढच्या पानावर प्रवास विम्याच्या चौकोनात कोणीतरी आधीच टिचकी मारून ठेवलेली, २४९ रुपयांची. ती काढली, तर ‘तुमची जोखीम तुमच्यावर’ असा दम. अगदी शेवटी, पैसे भरायच्या बटणाच्या वर, सुविधा शुल्क ३५०. तिकीट मी काढतोय, डास मला चावतायत, सुविधा कोणाची झाली?

नियम नाहीत असं नाही. १९३७ च्या विमान नियमांतला १३५ वा नियम म्हणतो, भाडं ठरवा आणि जाहीर करा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने गिऱ्हाइकाला गंडवायच्या तेरा तऱ्हांची यादीच काढली. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं त्यात आहे, आणि ‘ड्रिप प्रायसिंग’ही आहे: किंमत एकदम न सांगता थेंबाथेंबाने सांगायची.

"ड्रिप म्हणजे आपला ठिबक गे," मी समजावलं. मावशीच्या कलमांना ठिबक आहे.

"खुळो रे तू! ठिबकाच्या टाकीत पाणी किती ता आधी म्हायत असता." ती अडकित्ता थांबवून म्हणाली, "माझ्या कोकम सरबताच्या बाटलेर बघ. सर्व करांसहित. झाकणाचे वेगळे लावलय तर कोण घेतलो?"

बाटलीवर खरंच तसं छापलंय. मी गुपचूप ४,५९९ भरले.

तेवढ्यात मुंबईहून लेकीचा फोन. तिकीट कितीला पडलं?

"तीन हजार आठशे नव्याण्णव," मावशी म्हणाली. "वरचे ह्याने भरल्यान."