आजीच्या भाजणीत गहू होता

‘घरात पोहे, थालीपीठ, घावन असताना खोक्यातलं सीरियल शोधत हिंडायचं, हा आजकालच्या आयांचा स्वयंपाकघरात उभं न राहण्याचा बहाणा आहे. त्यात साखर किती! आणि तुम्ही दिलेला दरही चुकलाय.’

ग्लूटेन-फ्री, म्हणजे गहू-जवातलं ग्लूटेन हे प्रथिन नसलेल्या, नाश्त्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक जुनी गृहिणी’ यांनी हे लिहिलंय. दोन दिवस गप्प बसले, पण ते ‘उभं न राहण्याचा’ काही डोक्यातून जाईना.

आधी दराचं. तुमचं बरोबर आहे, मी अर्ध्या किलोच्या पाकिटाचा भाव किलोचा म्हणून लिहिला होता. दुरुस्त केलाय. आभार.

आता उभं राहण्याचं. 2018 साली माझी मुलगी चार वर्षांची होती, वजन अकरा किलो. पोट टम्म, हातपाय काड्या. नात्यातल्या तुमच्याच वयाच्या बायका ‘नजर लागलीय’ म्हणून मिठमोहऱ्या ओवाळत होत्या. शेवटी टीटीजी नावाची रक्ततपासणी झाली, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सीलिअॅक निघालं, म्हणजे ग्लूटेनने आतडं खराब होण्याचा आजार. गहू, जव आणि राय हे गव्हासारखं धान्य आयुष्यभर बंद. ‘थोडंसं चालतं’ हा प्रकारच नाही.

त्यानंतर मी काय केलं असेल? थालीपीठच केलं! सासूबाईंच्या हातच्या भाजणीचं. रात्रभर पोर कळवळत होती. सकाळी विचारलं तेव्हा कळलं, भाजणीत वाटीभर गहू होता. बऱ्याच घरांत असतो, तुमच्याही डब्यात असेल, बघा उघडून. मग पोहे. पोह्यांत काही नसतं हो, पण फोडणीतल्या हिंगात असतं. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ घातलेलं असतं, हे पाकिटामागे बारीक अक्षरात छापलेलं मी पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं.

घावनाचे तांदूळ गिरणीत जायचे. गिरणी उघडली की पहिलं दळण माझं, अशी बोली होती. एक दिवस सहज म्हणून पीठ पडतं तिथलं फडकं झटकलं, तर आदल्या रात्रीचं गव्हाचं पीठ भसकन तळहातावर. गिरणीवाले दादा म्हणाले, ‘ताई, एवढ्यानं काय होतंय?’ त्याच महिन्यात हप्त्यावर घरघंटी घेतली. आजवर तिच्यात गव्हाचा दाणा गेलेला नाही. ज्वारी, नाचणी, तांदूळ, सगळं मी निवडते, मी दळते. उभी राहूनच.

आणि हे सगळं करून सकाळी सहा चाळीसला व्हॅन येते. सहलीला जाताना तिला इतर मुलांसारखं खोकं फोडून दुधात काहीतरी ओतायचं असतं. म्हणून शोधलं सीरियल. तेही सोपं नाही. कॉर्नफ्लेक्स म्हणजे मका, मग काय भीती, असं मलाही वाटायचं. पण बहुतेकांत चवीला बार्ली माल्ट असतं, म्हणजे जवच. ओट्सचं तर पीकच शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हात मिसळत येतं. नुसतं ‘गहू नाही’ लिहिलेलं मी उचलत नाही. ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर ग्लूटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, हा आपल्या एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून मी खोक्यांच्या पाठी वाचत बसते तेव्हा मागून कोणीतरी ‘मॅडम, सरका जरा’ म्हणतंच. याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा.

राजगिऱ्याच्या आणि ज्वारीच्या लाह्या दुधात घालून द्याव्यात हेही मी लेखात लिहिलं होतं. पार खाली होतं हे मान्य, पण होतं. टोमणा मारण्याआधी तिथवर वाचायला हरकत नव्हती.

साखरेबद्दल तुम्ही म्हणता ते असेलही. रोज कोण देतंय? आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. परीक्षा असली तर चारदा. त्यावर एवढं बोलण्यासारखं काही नाही.

वयाचा मान ठेवून लिहितेय, नाहीतर अजून लिहिलं असतं. पुढच्या वेळी खरं नाव घालून लिहा. आणि भाजणीत गहू सापडला का, तेही कळवा.